आक्काबाईच्या अळिंबीचा चीक

आक्काबाई बोलायला लागली की तिचा नवरा जालिंदर रेडिओचा आवाज वाढवायचा, आणि रेडिओचा आवाज वाढला की आक्काबाई त्याच्या वर आवाज काढायची. त्यामुळे भीमनगरात आकाशवाणीच्या बातम्या कुणाला धड ऐकू आल्या नाहीत, पण आक्काबाईचं मत मात्र घरोघर पोचत राहिलं. सोनईहून शेवगावकडे जाताना सात-आठ किलोमीटरवर गाव, आणि ओढ्यानं गावापासून तोडलेली ही वस्ती. तिथं रोज दोनच गोष्टींची चर्चा. सकाळी, डेअरीत कुणाच्या दुधाला किती फॅट लागली. आणि संध्याकाळी, आक्काबाईनं आज कुणाला धुतलं.

बाई अंगानं नुसती काडी. वय पंचेचाळीसच्या आसपास; तिला विचारलं तर "का, सोयरीक आनलीय का?" म्हणून उलट विचारणार. जालिंदर हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, ही दुसऱ्याच्या रानात खुरपणीला. खोड एकच. 'हे तुझ्यानं व्हायचं न्हाई' असं कुणी म्हटलं की तेच करायला घ्यायचं. गल्लीतल्या हुशार बायकांनी ते पुरतं ओळखलं होतं. शेजारच्या छबूबाईला पापड लाटून हवे असले की ती नुसतीच उसासा टाकायची, "आक्का, औंदा काय तुझ्यानं पापड व्हत न्हाईत बघ." दिवस मावळायच्या आत छबूबाईच्याच खाटेवर दोनशे पापड वाळत पडलेले.

त्र्याण्णव साली शेतीखात्याच्या माणसांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शिबिर घेतलं. विषय, धिंगरी अळिंबी. गव्हाचं काड भिजवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, प्लास्टिकच्या पिशवीत भरताना मधे मधे बियाणं पेरायचं आणि पिशव्या अंधारात, गारव्याला टांगायच्या. तेरा बायका आल्या, त्यातल्या बारा पोह्यांसाठी. साहेबांनी शेवटी विचारलं, "कोण करून बघणार?" सगळ्या पदर सावरत उठल्या. आक्काबाईही उठलीच होती. पण मागून कुणीतरी पुटपुटलं, "भीमनगरातल्या खोपटात कुटं आलं हे थेर!" झालं. बियाण्याची पुडी आक्काबाईच्या कमरेला खोचली गेली.

आठवड्यात घराच्या आढ्याला चौदा पिशव्या लोंबायला लागल्या.

"आता मानसानं झोपायचं कुटं?" जालिंदरनं विचारलं.

"पिशव्यांखाली. त्या काय घोरत न्हाईत तुमच्यावानी."

अळिंबी मात्र भरघोस आली. पांढरी, कानाच्या पाळीसारखी, घोसच्या घोस. खाणार कोण? गावाच्या लेखी ती कुत्र्याची छत्री. आक्काबाईनं पहिली भाजी केली आणि जालिंदरच्या ताटात वाढली, तेव्हा 'आक्की नवऱ्याचा काटा काढतीय' हे पारावर ठरूनही गेलं. पुढचे आठ दिवस रोज सकाळी कुणी ना कुणी काडेपेटी मागायच्या निमित्तानं डोकावून जायचं, जालिंदर उठला का बघायला. जालिंदर रोज उठायचा. नवव्या दिवशी त्याचं पोट थोडं सुटल्यासारखं दिसलं, तेव्हा काडेपेटीची टंचाई संपली.

विकत मात्र कुणी घेईना. म्हणून तिनं सगळी अळिंबी पत्र्यावर वाळवली, आणि छबूबाई बोलून गेली, "आता हिच्या काय कुरडया घालनार हाईस?"

घातल्या. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून फडक्यातून पिळतात आणि ते पांढरं पाणी रात्रभर निवांत ठेवतात. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाला जो राहतो तो चीक. आक्काबाईनं वाळलेल्या अळिंबीला तीच वागणूक दिली. उकडली, भिजत घातली, पाट्यावर गंधासारखी वाटली, दुहेरी फडक्यातून पिळली. रात्रीतून तळाला करडा-पांढरा, लोण्यासारखा मऊ चीक बसला. त्याच्या कुरडया काही झाल्या नाहीत. सोऱ्यातून नीट पडल्या आणि उन्हात त्यांचा भुगा झाला. छबूबाईनं पोट धरून हसून घेतलं. "आक्का, चिमन्या बी तोंड लावंनात गं!"

उरलेला चीक आक्काबाईनं रागानं एका तेलकट पातेल्यात ओतला, वर पाणी घातलं, रवी फिरवून पातेलं खळबळलं आणि तेवढ्यात नळावर भांडण लागलं म्हणून ते तसंच टाकून गेली. भांडण मोठं होतं. पातेल्याची आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी. बघते तर आत दुधासारखं पाणी, आणि वर तेलाचा टिपूस नाही. बोट फिरवलं, तवंग नाही.

"ह्यातलं तेल कुटं गेलं?"

"मांजरानं चाटलं आसंल," जालिंदर म्हणाला.

"मांजर वरलं तेल चाटून खालचं पानी जसंच्या तसं ठिवतंय व्हय?"

मग ती नादालाच लागली. जाडसर वाटलेला चीक घातला तर तेल घटकाभरात वर येऊन बसायचं. फडक्यातून गेलेला, रात्रभर निवलेला बारीक चीक घातला आणि रवीनं घुसळताना तेलाची बारीक धार सोडली, तर तेल दिवसचे दिवस पाण्यातच राहायचं. असं का, याचा उलगडा तिनं स्वतःशीच केला होता आणि विचारेल त्याला सांगायची. "तेलाच्या येकेका थेंबाला भवतीनं चीक बसतोय. मग थेंबाला थेंब भेटत न्हाई. भावकीत मधी भित घातली की कशी गुमान ऱ्हात्यात दोगं, तसंच."

हे सगळं खेळण्यावारीच गेलं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात दवाखान्याच्या नर्सबाई अंगणवाडीत येऊन गेल्या आणि रतनबाईंना काळजीला लावून गेल्या. रतनबाई म्हणजे अंगणवाडीच्या बाई. सरळ, भित्र्या, हजेरीचं रजिस्टर रोज फडक्यानं पुसून ठेवणाऱ्या. नर्सबाईंनी सांगितलं होतं की दहा-बारा पोरं दिवेलागणीला चाचपडतात, त्यांच्या पोटात गाजर, हिरवा पाला गेला पाहिजे, आणि तोही तेला-तुपाच्या संगतीनं, नाहीतर त्यातलं सत्त्व अंगी लागत नाही. गावात रोज हजारभर लिटर दूध निघत होतं. ते सगळं कॅनमध्ये बसून डेअरीला जायचं. घरच्या पोरांच्या वाट्याला चहात पडेल तेवढं.

आक्काबाई तेव्हा गाजराच्या रानात काढणीला होती. मोडकी गाजरं कुणी विचारत नव्हतं. तिनं ती किसून करडईच्या तेलात मंद आचेवर शिजवली. तेल केशरी झालं. रतनबाईंनी पोरांना चमचा चमचा पाजलं आणि पोरांनी ते रतनबाईंच्याच पदरावर परत केलं. डेराभर पाण्यात घालून दिलं तर पहिल्या घोटालाच वरचं सगळं तेल तोंडात. पोरं डेऱ्याजवळ फिरकेनात.

"आक्का, ऱ्हाऊ दे गं. न्हाई जमायचं हे," रतनबाई म्हणाल्या. बिचारीला छबूबाईसारखं काही माहीत नव्हतं, तरी नेमकं तेच बोलली.

दुसऱ्या दिवशी डेरा आला तो चिकाचा. पाणी, गूळ, चिमूटभर सुंठ, अळिंबीचा चीक, आणि घुसळता घुसळता सोडलेलं केशरी तेल. दाट, पिवळसर, दुधासारखं. पोरांनी पेले चाटून ठेवले. दीड महिना रोज दहाच्या ठोक्याला आक्काबाई डेरा घेऊन अंगणवाडीत जाई आणि आपल्या हातानं चाळीस पोरांना वाढी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. पण त्या दीड महिन्यात ती रानातल्या कामावरही दहानंतर जायला लागली, आणि मुकादमाला म्हणाली, "माझी पोरं जेवल्याबिगर मी येनार न्हाई." पोटची दोन्ही पोरं केव्हाच पुण्याला कामाला लागलेली होती.

मग वरल्या आळीतल्या एका पोराला जुलाब लागले. त्यानं आदल्या दिवशी कच्ची बोरं शर्टाच्या दोन्ही खिशांत भरून खाल्ली होती, पण बोराच्या झाडाशी कोण भांडणार? गहिनीनाथ नाना अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. नाना डेअरीचे चेअरमन. त्यांचा शब्द म्हणजे गावाचा शिक्का.

"काय पाजतीस गं पोरांना?"

"गाजराचं तेल."

"तेल कुटं दिसतंय?"

"दिसत न्हाई म्हनून तर पितेत, नाना."

"तेल आन् पानी येक व्हत न्हाई हे शेंबड्या पोराला ठावं हाय. साबन घातला आसशील."

"साबन घातला आसता तर पोरांच्या तोंडातनं फुगे आले आसते."

मागच्या बायका फिस्सकन हसल्या, आणि नानांचा पारा चढला. "हसन्यावारी नगो. उद्या डेअरीत बाटली घिऊन ये. रंगनाथ मशीनला लावंल. तेल सुटलं तर तुझं भांडं बंद. पुन्ना अंगनवाडीची पायरी चढायची न्हाई."

"आन् न्हाई सुटलं तर?"

"तर पाज खुशाल."

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" आक्काबाई वळून म्हणाली. "रतनबाई, तुमी बी?"

रतनबाईंनी भीत भीत मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दूध घालून झालं तरी डेअरीतून कुणी हलेना. जालिंदर कारखान्याची पाळी सोडून आला होता आणि मागं भिंतीला टेकून उभा होता. रंगनाथ, डेअरीचा टेस्टर, पंधरा वर्षं रोज दुधाची फॅट काढणारा. त्याचे हात त्याच्या डोक्याला न विचारता काम करत. त्यानं काचेची नळी घेतली, नेहमीच्या बाटलीतलं नेहमीचं माप ओतलं, वर आक्काबाईच्या बाटलीतलं ओतलं, आणखी दोन थेंब कशाचे तरी, रबरी बूच लावलं, हलवलं. नळी तापली आणि आतलं जांभळासारखं काळं पडलं. मशीनमध्ये घालून त्यानं दांडा फिरवला, नळी काढून उजेडाला धरली आणि सवयीनं ओरडला, "पाच पॉइंट आठ!"

"आयला, आमच्या म्हशीला एवडी लागत न्हाई!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. डेअरी हसली.

नाना हसले नाहीत. त्यांनी नळी हातात घेतली. वर स्वच्छ, पिवळ्या तेलाची कांडी उभी होती. "बघा. तेल सुटलंय. भांडं बंद."

आक्काबाई गप्प होती. तिला गप्प बसलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली, आणि काही जणांना तर करमेनासंच झालं. पण ती नळीकडे बघत नव्हती. ती बघत होती टेबलावरच्या काचेच्या बाटलीकडे. या डेअरीच्या नळ्या तिनं दोन उन्हाळे धुतल्या होत्या, आणि त्या बाटलीतल्या पाण्यानं तिच्या डाव्या हाताचं बोट एकदा चांगलं भाजलं होतं.

"रंगनाथ भाऊ," ती म्हणाली, "माझ्या आदी नळीत काय वतलं?"

"आसिड."

"ते कशापायी वतत्यात?"

"फॅट सुटायला," रंगनाथ म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

"मंजी सुटावं म्हनून वतलं, आन् सुटलं म्हनून माझं भांडं बंद?" आता बाईचा आवाज रेडिओच्या वर गेला. "नानांच्या म्हशीचं दूध हाय का कॅनमंदी? घ्या ते. तेच्यात वता. बघू ऱ्हातंय का नीट!"

रंगनाथनं नानांकडे पाहिलं. गर्दी म्हणाली, "घे की रं!" त्यानं घेतलं. नळी काळी पडली, फिरली, आणि वर पिवळी कांडी उभी राहिली. या वेळी रंगनाथनं आकडा मनातच वाचला.

"सुटलं का न्हाई? मंजी नानांचं दूध बी साबनाचं!"

डेअरीचा पत्रा हलला इतके लोक हसले. नाना चष्मा पुसत राहिले.

"आता माझ्या सांगन्यापरमानं," आक्काबाई म्हणाली. "आसिड बाजूला. येका नळीत माझं. येका नळीत नानांचं दूध. येकीत नुस्तं तेल आन् पानी, खळखळून. आन् फिरीव तुला पायजे तेवडं."

मशीनचा तोल जाऊ नये म्हणून रंगनाथनं चौथी नळी पाण्याची लावली आणि दांडा असा फिरवला की घाम निथळला. चार मिनिटं. पहिली निघाली ती तेल-पाण्याची. वर पिवळं तेल, खाली पाणी, मधे रेघ. मग आक्काबाईची. वर दाट पिवळसर थर, आणि खाली पातळ पांढुरकं पाणी.

"फाटलं!" नाना म्हणाले. "हेबी फाटलं!"

जालिंदरनं डोळे मिटून घेतले.

"दुधाची नळी काडा," आक्काबाई म्हणाली. काढली. तिच्यातही वर घट्ट साय आणि खाली पातळ दूध. "साय वर आली म्हनून दूध नासलं, आसं नाना कंदी म्हनले का? वर आलं म्हंजी सुटलं न्हवं. तेल दावा मला कुटं हाय ते. रंगनाथ भाऊ, धरा उजेडाला."

रंगनाथनं धरली. पुन्हा धरली. पिवळं तेल कुठंच नव्हतं. त्यानं नळी दोनदा उलटीसुलटी केली, थर विरघळल्यासारखा खाली गेला आणि सगळं पुन्हा एकजीव झालं. तेल-पाण्याची नळीही त्यानं तशीच हलवली. टेबलावर ठेवेपर्यंत तेल परत वर. आक्काबाईची नळी पाव तास तशीच उभी राहिली आणि नानांना घड्याळ बघायचा कंटाळा आला.

"न्हाई सुटलं," रंगनाथ म्हणाला, जरा हळू.

"मोट्यानं म्हन की! फॅट सांगताना कसा वरडतूस?" आक्काबाईनं सुनावलं.

"न्हाई सुटलं!"

नानांनी चष्मा चढवला. माणूस हुशार, हरलेली गोष्ट दिल्यासारखी दाखवायची कला त्यांच्याकडे होती. "बरं. चालू ऱ्हाऊ दे. पोरांचं भलं व्हतंय तर आमी कशाला आडवं येऊ? फकस्त येक करायचं. तू बनवून डेरा पायरीशी आनून ठिवायचा. आत वाडायला रतनबाई हाईतच. पेले आमी वरल्या आळीतनं दिऊ."

डेअरीत एकाएकी सगळ्यांना आपापल्या चपला दिसायला लागल्या. काय म्हटलं ते प्रत्येकाला कळलं होतं. मागून जालिंदर हलक्या आवाजात म्हणाला, "चल घरी."

"येते. थांबा." आक्काबाईनं आपली बाटली उचलली. "नाना, आसिडात घालून बगितलं. मशीनमंदी गरगर फिरवून बगितलं. आता माझा हात तेवडा तपासायचा ऱ्हायला व्हय? चीक ह्याच हातानं पिळते मी. पिळताना चालतोय, आन् वाडताना कसं बाटतंय ते रंगनाथच्या मशीनीत बगून सांगा मला. माझा हात न्हाई तर माझा चीक बी न्हाई."

आणि निघून गेली. जिंकून हातात आलेलं टाकून गेली, असं गाव म्हणालं. छबूबाईनं तर घरी येऊन ऐकवलं, "तुला हट्टच लई. वाडलं आसतं रतनबाईनं तर काय बिगडलं आसतं? पोरं तर प्याली आसती."

"पोरं पितील," आक्काबाई पाटा धूत म्हणाली. "इतं येऊन पितील."

"वरल्या आळीतली? इतं? शक्यच न्हाई."

जालिंदरनं छबूबाईकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, झाला घोटाळा! पण बोलून गेलं ते गेलं.

सकाळी आक्काबाईच्या अंगणात डेरा आला, शेजारी ओळीनं स्टीलचे पेले मांडले गेले. भीमनगरातली चौदा पोरं बसली. दहा वाजता रवीचा आवाज सुरू झाला. तिकडे अंगणवाडीत दहाच्या ठोक्याला पोरांना तहान लागायची सवय पडलेली. डेरा येईना म्हणून आधी एक उठलं, मग तीन, मग सगळी रांगच रतनबाईंच्या हाकांना न जुमानता ओढा ओलांडून भीमनगरात उतरली. रतनबाई मागून धावत आल्या. अंगणात चाळीस पोरं पेले धरून बसलेली पाहिली आणि दारातच थबकल्या. मग माघारी वळल्या. छबूबाई म्हणाली, "गेली नानांना सांगायला." थोड्या वेळानं रतनबाई परत आल्या त्या हजेरीचं रजिस्टर काखेत मारून. अंगणातल्या पोत्यावर बसल्या आणि नावं पुकारायला लागल्या.

"बाई," आक्काबाईनं विचारलं, "वरून तपासायला कुनी आलं तर?"

"म्हनावं, पोरं जितं हायेत तितंच अंगनवाडी," रतनबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं; एकही चुकलं नाही.

नानांनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्यांची सून ज्ञानेश्वरी आली. सातवा महिना, कडेवर तीन वर्षांची पोर, आणि पदराखाली झाकलेला घरचा चकचकीत पेला. तो तिनं पुढं केला.

"आक्का, पोरीला ह्यात द्या."

"घरचा पेला घरी. इतं ह्याच पेल्यातनं."

"मामंजी पारावर बसलेत हो. दिसतंय तितनं."

"दिसू दे की. त्यांना बी दिईन, आले तर."

तेवढ्यात पोर कडेवरून घसरली होती आणि ओळीत घुसून दुसऱ्या कुणाच्या तरी पेल्यावर ताव मारून मोकळी झाली होती. पिवळ्या मिशा घेऊन ती परत आक्काबाईसमोर हात पसरून उभी राहिली. आक्काबाईनं तिला भरून दिलं. मग दुसरा पेला भरला आणि ज्ञानेश्वरीपुढं ठेवला.

"तू बी घे. दिवेलागनीला उंबरा चाचपडत वलांडतीस, बगितलंय मी."

ज्ञानेश्वरीनं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. पारावरून नाना खरंच इकडेच बघत होते. तिनं घरचा पेला जमिनीवर पालथा घातला, पोत्यावर रतनबाईंच्या शेजारी बसली, आणि पुढ्यातला उचलून सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायली.